मधुभाऊंची जीप आणि मागच्या ब्रेकची नळी

गॅरेजमध्ये काही टाकून म्हणून देता येत नाही बघा. जुना नट निघाला, टाक डब्यात. बोल्ट निघाला, टाक डब्यात. किस्स्यांचंही तेच. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण वीस-बावीस वर्षांत डबा भरतो. मित्र जमले की म्हणतात, "भास्कर, मधुभाऊंच्या जीपचं सांग ना!" मी सांगायला लागलो की खो खो हसतात. हसा लेको. मला अजून राग येतो. मधुभाऊंचा येतो, दुकानदाराचा येतो, माझ्या पार्टनरचा येतो आणि एका ठिकाणी माझा स्वतःचाही येतो.

आमचं गॅरेज नाशिकला पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे. मी आणि युसूफभाई असे दोघं पार्टनर. ॲक्सल आणि वेल्डिंग त्यांचं, इंजिन आणि ब्रेक माझं. डोंगरात, चिखलात, ओढ्यात घालायच्या गाड्या आमच्याकडे जास्त येतात. युसूफभाई शांत माणूस. मी नाही.

* * *

मधुभाऊ मखमलाबादचे, फुलशेतीवाले. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. एक दिवस जुनी जीप घेऊन आले आणि बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "भास्कर, हिला वाघीण करायची!"

मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं ज्यावर असतात तो दांडा, कामातून गेलेलाच होता. तो काढायचा आणि दुसऱ्या दणकट गाडीचा, डिस्क ब्रेकवाला ॲक्सल बसवायचा, असं ठरलं. मग मधुभाऊंनी खिशातून यादी काढली. टपावर लाइटची पट्टी. जाडे टायर. पुढे विंच, चिखलातून ओढून काढायला. वर कॅरिअर. हॉर्न असा की पार पेठपर्यंत ऐकू गेला पाहिजे! यादी संपली.

"आणि ब्रेकच्या नळ्या?" मी विचारलं.

"त्या हायेत की."

"जुन्या आहेत. ॲक्सल बदलला की त्याही बदलायच्या."

"नळी ती नळी, भास्कर! तेल इकडून तिकडं जातंय ना? मग झालं. जुनीच चालंल."

मी पाना खाली ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ब्रेक ऑईल लोखंडी नळ्यांतून मागे जातं. पण मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली नाचतो, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नाचत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये वीतभर-हातभर रबरी नळी असते. ती एकच. ती तुटली की मागचे ब्रेक गेले, आणि ह्या जुन्या जीपमध्ये पुढचेही गेले, कारण तेलाची टाकी एकच! पेडल सरळ तळाला. मग देवाचं नाव घ्यायचं, दुसरं काही हातात नसतं.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"वैशू. आमची पोरगी."

वैशाली त्यांची थोरली. पेठच्या पुढे डोंगरात एका उपकेंद्रावर नर्स आहे. पावसाळ्यात अँब्युलन्स खालच्या फाट्यापर्यंत येते, त्याच्या वर नुसता दगडगोट्यांचा उतार. बाळंतपणाची बाई आली की चार माणसं तिला झोळीत घालून फाट्यापर्यंत आणतात. हे दोन पावसाळे बघून पोरगी बापाला म्हणाली होती, "बाबा, मला ती जीप द्या. मी आणते त्यांना खाली."

म्हणजे स्टिअरिंगवर पोटची पोरगी, मागे कळा देणारी बाई, समोर उतार. आणि ह्या माणसाला हवी काय, तर लाइटची पट्टी! माझं डोकंच फिरलं.

"मधुभाऊ, लाइट लावून गाडी थांबते का?"

"नाय."

"हॉर्न वाजवून थांबते?"

"गाडी नाय थांबत," मधुभाऊ शांतपणे म्हणाले, "पण लोक बाजूला होतात ना!"

* * *

जुन्या नळ्या काढल्या तेव्हा कळलं की आधीच कोणीतरी कलाकारी करून ठेवलीय. मागच्या बाजूला हातभर लोखंडी नळी गायब, आणि तिच्या जागी फ्रिजची तांब्याची नळी! मऊ. बोटानं वाकली हो माझ्या! ब्रेकला जो दाब येतो त्यात ती कधीही फुटली असती. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर तार आवळलेली.

युसूफभाईंनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "भाई, गाडी गरम हो तो अच्छा है. ब्रेक ठंडा-ठंडा लगेगा."

मी ती नळी घेऊन तसाच मधुभाऊंच्या शेतावर गेलो. शेवंतीच्या वाफ्यात उभे होते. त्यांच्या नाकासमोर धरली. "हे बघा! ह्याच्यावर फिरत होतात तुम्ही!"

"दोन वर्सं चालली ना पण?"

"शेतावर चालली! सपाटीला, फुलांचे क्रेट घेऊन, वीसच्या स्पीडनं! ही पोरीच्या हातात घाटात दिली असती तर?"

ते नळीकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, उतरलं एकदाचं डोक्यात. मग त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "भास्कर, ही फ्रिजला बसंल का परत?"

* * *

नवी रबरी नळी आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "गाडी कोणती?"

"गाडी एक आहे, ॲक्सल दुसऱ्या गाडीचा आहे. एका टोकाचे आटे ह्याचे हवेत, दुसऱ्या टोकाचे त्याचे. दोन्ही नट आणलेत, हे घ्या."

"हो, पण गाडी कोणती?"

तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा त्यानं तेच विचारलं. शेवटी कपाटातून एक नळी काढून समोर टाकली. एक टोक बरोबर बसलं. दुसऱ्या टोकाला नट दोन आटे फिरला आणि अडकला. आटे वेगळे! इंचाच्या जागी मिलिमीटर. दाबून बसवलं तर बसल्यासारखं दिसतं, आणि उतारावर जोर आला की निसटतं.

"नाही बसत," मी म्हणालो.

"बसतंय की. जरा पाइप पाना लावा मोठा."

"आटे मरतील ना!"

"मग टेफ्लॉन टेप लावा दोन वेढे."

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "अरे, बाथरूमचा नळ आहे का तो! गळला तर खाली बादली ठेवू?"

सगळे वळून बघायला लागले. दुकानदार जराही हलला नाही. त्यानं ड्रॉवर उघडला, टेपचं रिळ काढून काउंटरवर ठेवलं आणि मागच्या माणसाला म्हणाला, "बोला, गाडी कोणती?"

नळी शेवटी अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन्ही टोकं पाहिजे तशी करून आणली. चासीवरून माप मी स्वतः घेतलं होतं. हे लक्षात ठेवा, मी स्वतः.

* * *

नळ्या बसल्या, ऑईल भरलं. आता नळीतली हवा काढायची. ब्रेकमध्ये हवा राहिली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ह्याला दोन माणसं लागतात. एक वर बसून पेडल मारतो आणि दाबून धरतो, दुसरा खाली चाकापाशी छोटी तोटी उघडतो, हवा आणि ऑईल बाहेर येतं, तोटी बंद करतो, मग वरच्यानं पेडल सोडायचं. तोटी उघडी असताना वरच्यानं पाय उचलला तर बाहेरची हवा परत आत! सगळं पहिल्यापासून.

युसूफभाई नमाजला गेले होते. मधुभाऊ आयतेच आले होते, त्यांना वर बसवलं. दहा वेळा समजावलं. "मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. काहीही होवो."

"काय येवढं अवघड हाय त्यात!"

पहिल्या चाकाला बरं चाललं होतं. "दाबा, दाबा, दाबा... धरा!" मी तोटी उघडली. बुडबुडे यायला लागले. तेवढ्यात वर फोन वाजला. मला काय होणार ते कळलं. मी खालून ओरडलो, "मधुभाऊ, पाय!"

"आं? हां, बोल रे! शेवंती ना? हाय, हाय की! थांब, भायेर येतो, हितं आवाज येत नाय!"

आणि उतरून गेले! पेडल वर, सगळी हवा आत, आणि तोटीखाली धरलेल्या पेल्यातलं ऑईल माझ्या शर्टावर. मी रांगत बाहेर आलो तर हे फाटकाजवळ उभे. माझ्याकडे बघून फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "आवाज नको करू रे भास्कर, गिऱ्हाईक नाशिकरोडचं हाय."

* * *

त्यांना हाकललं. युसूफभाई परत आले, मग आम्ही दोघांनी दोन दिवस हवा काढली. दोन दिवस! दोन डबे ऑईल गेलं. पेडल तरी मऊच. मी मास्टर सिलिंडरला शिव्या घातल्या. ऑईलवाल्याला घातल्या. मधुभाऊंच्या फोनला घातल्या. मग युसूफभाईंवर घसरलो. "तुमचा ॲक्सलच फालतू आहे! कुठून आणलात?" ते पेडल मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी थकून चहाचा ग्लास घेऊन चाकासमोर जमिनीवर बसलो. आणि दिसलं. चाकावरचे ब्रेकचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारे चिमटे, मी उलटे बसवले होते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. त्यामुळे हवा काढायची तोटी खाली आली होती. हवा असते वर! ती खालच्या तोटीतून जन्मात निघाली नसती. आम्ही दोन दिवस नुसतं चांगलं ऑईल बाहेर काढत होतो.

मी मुकाट्यानं उठलो आणि कॅलिपर काढायला घेतले. युसूफभाईंना म्हणालो, "तुम्हाला दिसलं नाही हे?"

"कल सुबहच दिखा था," ते म्हणाले. "पण तुम्ही ओरडत होता. बीच में कैसे बोलता?"

* * *

कॅलिपर बदलले, अर्ध्या तासात पेडल दगडासारखं घट्ट झालं. मी खूश. त्याच दिवशी वैशाली आली. सुट्टीवर घरी आली होती, जाता जाता गाडी बघायला थांबली. बारीक चणीची, चष्मा, पाठीला सॅक. बापानं सांगितलेल्या लाइटच्या पट्टीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सॅक उतरवून सरळ गाडीखाली डोकावली.

"काका, ही नळी बॉडीवरून ॲक्सलवर येते ना?"

"हो."

"माप घेतलं तेव्हा गाडी चाकांवर उभी होती?"

"मग काय झोपवायची?" मी म्हणालो.

"नाही, म्हणजे आमच्या वाटेला एक चर आहे. तिथे मागचं एक चाक हवेतच लटकतं. तेव्हा ॲक्सल खाली जाईल ना? मग नळी पुरेल?"

मी म्हणालो, "बाई, मी बावीस वर्षं ब्रेकचं काम करतोय. तू तुझी इंजेक्शनं बघ."

ती रागावली नाही. म्हणाली, "काका, आमच्याकडे नवीन मुली सलाइन लावतात ना, पेशंट सरळ झोपलेला असताना नळी चिकटवून टाकतात. छान दिसते. मग पेशंट कुशीवर वळतो आणि सुई उपटून येते. म्हणून आम्ही थोडी ढील ठेवतो." मग सॅक पाठीला लावली, "येते काका," म्हणाली आणि गेली.

पाच मिनिटं मी हातोडीनं उगाच काहीतरी ठोकत राहिलो. मग चासीला जॅक लावला आणि गाडीची मागची बाजू वर उचलायला घेतली. चासी वर जायला लागली, ॲक्सल खाली लोंबायला लागला. स्प्रिंगचे पाटे अजून पूर्ण सैल व्हायचे होते आणि नळी तारेसारखी ताणली गेली. अजून दोन बोटं उचलली असती तर जोडातून निघाली असती. तिथे जॅकवर हात ठेवून मी बसलो. एवढ्या लोकांवर ओरडलो होतो मी, आणि त्या पोरीला घाटात मारायचं काम नेमकं मीच करून ठेवलं होतं. माझ्या हातानं, माझ्या मापानं. लाज वाटली, आणि स्वतःचाच राग आला.

युसूफभाई आले, वाकून नळी बघितली. मग मापाची टेप आणून माझ्या हातात दिली.

दोन्ही चाकं लटकवून नवं माप घेतलं, नळी लांब करून आणली. लांब नळी टायरला घासू नये म्हणून वर एक क्लॅम्प वेल्ड केला. सगळं झाल्यावर वैशालीला फोन लावला. माफी मागायची होती, पण ते काही जमलं नाही. म्हणालो, "नळी बदललीय. पुरते आता."

तिनं बरं म्हटलं. मग म्हणाली, "घासत तर नाही ना कुठे?"

* * *

शनिवारी सकाळी बापलेक गाडी न्यायला आले.

आमच्या गॅरेजमध्ये एक पद्धत आहे. माझ्या उस्तादांनी घालून दिलेली. रस्त्यावरून आत यायला सिमेंटचा उतार आहे, खाली मागची भिंत. ब्रेकचं मोठं काम झालं की गाडी न्यूट्रलमध्ये वरून सोडायची आणि ज्यानं नळी वाकवली त्यानं खाली भिंतीशी उभं राहायचं. उस्ताद म्हणायचे, असं केलं की पाना हातात असताना झोप येत नाही. मी बावीस वर्षं उभा राहतोय.

वैशाली स्टिअरिंगवर बसली. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. मधुभाऊ बाजूला फोन काढून व्हिडिओ घेत होते. माझं डोकं परत फिरलं.

"मधुभाऊ, इकडे या!"

"मी कशाला?"

"जुनीच चालेल असं कोण म्हणालं होतं? या, माझ्या शेजारी उभे राहा!"

हसत हसत आले. पण जीप सुटली आणि घरंगळत जवळ यायला लागली तसं हसू गेलं. माझा दंड पकडला त्यांनी. हातभर अंतरावर गाडी थांबली, एकदम, सरळ रेषेत. मधुभाऊंनी श्वास सोडला आणि लगेच ओरडले, "बघ! म्हणलं नव्हतं? वाघीण!"

मी त्यांना काहीतरी बोलणारच होतो. तेवढ्यात वैशाली खाली उतरली. "काका, ही रिकामी थांबली. माझ्या मागे बाई असेल, तिची सासू असेल, आशाताई असतील, सामान असेल."

तिचं बरोबर होतं. युसूफभाईंनी आणि मी मिळून काढलेला जुना ॲक्सल मागे चढवला, दोन गिअरबॉक्स चढवले, वर एक इंजिन ब्लॉक. पाटे दबले. जीप परत उतारावर नेऊन हँडब्रेक लावला. मी भिंतीकडे निघालो.

"काका, तुम्ही थांबा," वैशाली म्हणाली. तिनं किल्ली मधुभाऊंच्या हातात दिली. "आता तुम्ही चालवा, बाबा."

"आन् तू?"

ती उतार उतरून गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चष्मा पुसला, परत घातला.

मधुभाऊ गाडीत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. युसूफभाई म्हणाले, "छोडो, भाऊ." मधुभाऊ समोर पोरीकडे बघत राहिले. मी म्हणालो, "सोडा हँडब्रेक, काही होत नाही, मी बघितलंय सगळं." त्यांनी हँडब्रेकवर हात ठेवला. तसाच ठेवला. मग हात काढला, दार उघडलं आणि उतरले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, लग्नाला निघालेल्या माणसासारखे आले होते. त्या सदऱ्यासकट ऑईल सांडलेल्या जमिनीवर उताणे झाले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

"मधुभाऊ, अहो, काय करताय?"

"ओरडू नको," खालून आवाज आला. "टॉर्च दे, भास्कर. लवकर दे!"